बँडच्या मैदानावर मी काय बोलले

हे मी आजवर तोंडाबाहेर काढलेलं नाही. नवऱ्याला ठाऊक नाही, भावाला ठाऊक नाही. एका माणसाला ठाऊक आहे, पण त्याने कधी विचारलं नाही — आणि तो विचारणारही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर सांगितलं असतं का? नसतं.

मी चौथी शिकलेली बाई. डहाणूजवळच्या एका शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाक करते, आणि आशागडला खोली घेऊन राहते. मला चारचौघांत बोलता येत नाही. कोणी नाव विचारलं तरी पदर तोंडाशी जातो. मुलं वह्या अर्ध्या भरून टाकून देतात, त्यातल्या एका वहीच्या मागच्या पानांवर हे लिहिते आहे. कितीदा सुरू केलं आणि पान फाडलं. दरवेळी त्यात खोटं यायचं.

गोष्ट बँडची आहे. म्हणजे — बँडच्या दिवसाची.

तीन वर्षं झाली त्याला. लष्कराचा बँड गावोगाव फिरत होता, तो डहाणूला येणार होता. ढोल, पितळेचे कर्णे, आणि काखेत पिशवी दाबून वाजवतात तो बॅगपाइप. शाळेला पास आले. मुलांबरोबर मला जायचं होतं, पाण्याचे पिंप आणि चिवड्याच्या पुड्या सांभाळायला. कार्यक्रमाच्या दोन-तीन दिवस आधी मोठ्या सरांनी मला एक पास जास्तीचा दिला. म्हणाले, "मावशी, तुमच्या वडिलांना बोलवा. असला कार्यक्रम त्यांनीच बघायला हवा. आणि सोमवारी त्यांना शाळेत घेऊन या. मुलांना तारपा शिकवतील का, विचारू."

सरांनी बाबांना पाहिलेलं नव्हतं. नुसतं ऐकलं होतं, की स्वयंपाकाच्या मावशींचे वडील तारपा वाजवतात.

बाबा तिकडे तलासरीच्या पुढे, पाड्यावर राहतात, माझा भाऊ देवजी याच्याकडे. तारपा म्हणजे सुक्या भोपळ्याचा बाजा, खाली बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. तो वाजवताना मध्ये थांबून श्वास घ्यायचा नसतो. गालात हवा धरून ठेवायची आणि नाकाने आत घ्यायची. बाबा तासन् तास वाजवायचे. भात कापून झालं, नवं धान्य देवाला दाखवलं, की पाड्यावर तारपा काढायचा तो बाबांनीच. मी पास घेऊन गेले तेव्हा त्यांनी एकच विचारलं.

"तो पिशवीवाला दम कुठं घेतो?"

"मला काय माहीत, बाबा."

"बघायला लागंल," ते म्हणाले, आणि पास टोपीत ठेवला.

आणखी एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाबा प्यायचे. पुष्कळ प्यायचे. पण आई गेली त्या वर्षी त्यांनी देवापुढे तांदळाला हात लावून शपथ घेतली, आणि त्यानंतर ताडीचा थेंब तोंडात घेतला नाही. लग्नात नाही, सणात नाही. देवजीने त्यांना आपल्याकडे ठेवून घेतलं ते या शपथेवर. त्याची पोरं त्यांच्या मांडीवर बसायची ती या शपथेवर. हे मला माहीत होतं. माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

बघा, मी अजून मैदानावर पोचलेच नाही. पोचायचं नाही म्हणून रेंगाळते आहे, असं वाटतं ना? खरंच आहे ते.

दुपारी चारची वेळ होती. समुद्राकडून वारा येत होता. मुलांना रांगेत बसवलं. आमच्या वसतिगृहाच्या राऊत बाई पुढे खुर्चीवर बसल्या होत्या, त्यांच्या शेजारी रेल्वेतल्या साहेबांच्या घरच्या एक बाई. मी पिंपाजवळ उभी होते. राऊत बाईंनी हाक मारली, "मावशी, तिकडे काय उन्हात उभ्या? या इकडे, बसा माझ्याजवळ."

मी बसले. खुर्चीच्या टोकावर. त्या दुसऱ्या बाई माझ्याकडे बघून हसल्या, तेव्हा राऊत बाई त्यांना म्हणाल्या, "ह्या पाड्यावरच्या आहेत, वाटतं का सांगून? इतक्या नीटनेटक्या, इतक्या शांत. नाहीतर ह्यांच्यातले लोक कार्यक्रमाला येतात ते पिऊनच."

मी मान खाली घातली. राग आला म्हणून नाही. मला आवडलं ते. आतून गोड वाटलं — मी त्यांच्यातली वाटत नाही, हे ऐकून. हेही लिहिते.

थोड्या वेळाने बाबा आले. एकटेच, एसटीने. पांढरा सदरा, टोपी, पायात देवजीच्या जुन्या चपला. दोरीच्या पलीकडे उभे राहून ते रांगा बघत होते. मी दिसले तसा त्यांनी हात वर केला. तोंडभर हसले.

मी हात वर केला नाही. मांडीवरच बोटं हलवून खूण केली — तिकडे, मागे बसा.

त्यांना वाटलं असेल, मला कामावर बोलायची मनाई आहे. ते मागे जाऊन बसले.

बँड सुरू झाला. खरं सांगते, तसं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. ढोलाचा एकेक ठोका छातीत बसायचा. शंभर पाय एकदम वर जायचे आणि एकदम पडायचे. मुलं टाळ्या वाजवून थकली. मग सगळे वाजवणारे थांबले, आणि मैदान गप्प झालं, आणि माईकवरच्या माणसाने सांगितलं की आता बॅगपाइप. आम्ही सगळे समोर बघत बसलो. समोरून कोणीच येईना.

आवाज मागून आला.

त्यांनी तसं ठरवूनच केलं होतं. पिशवीवाले शिपाई आमच्या पाठीमागून, प्रवेशाच्या दारातून, वाजवत आत आले. लोकांनी माना वळवल्या, मोबाईल वर केले, आणि परत समोर बघत बसले, कारण ते पुढे येणारच होते.

आमच्याकडे तारप्याला पाठ दाखवत नाहीत. वाजवणारा मधे असतो, नाचणारे त्याच्याभोवती हातात हात घालून फिरतात, आणि तो जिकडे वळेल तिकडे वळतात. पाठ कोणी करत नाही. हे कोणी शिकवावं लागत नाही. लहानपणी मी एकदा पाठ करून उभी राहिले होते, तर आईने खांद्याला धरून गर्रकन फिरवलं होतं. आणि त्या पिशवीचा आवाज — तुम्ही ऐकला असेल तर सांगा — तारप्याचाच नाही का तो? खाली एक सूर सारखा धरलेला, वर दुसरा नाचतो. मलाही तेच वाटलं होतं. माझ्या पाठीवर काटा आला होता. पण मी खुर्चीवर बसून राहिले, समोर बघत.

बाबा उठले.

ते उठले, वळले, आणि खुर्ची उचलून मागे तोंड करून ठेवली. मग शेजारच्यांना सांगू लागले, "उठा, उठा. वाजा मागं हाय. पाठ नका करू."

"ओ काका, खाली बसा! व्हिडिओत येताय," कोणीतरी ओरडलं.

"आजोबांना भरती करून घ्या रे!"

लोक हसले. बाबाही हसले. त्यांना कोणाचाच राग नव्हता आला. पिशवीवाले रांगांमधल्या वाटेने पुढे निघाले, तसे बाबा त्यांच्या मागे निघाले, आमच्या पाड्यावरच्या चालीने — गुडघ्यात वाकून, पाय घासत, पुढे दोन, मागे एक. एक हात मागे केलेला, पंजा उघडा. तो हात कशासाठी असतो, तुम्हाला माहीत नसेल. मागच्याने धरायचा असतो. एकट्याने ती चाल चालत नाहीत. माझ्या खुर्चीपासून तो हात चार पावलांवरून गेला, उघडाच.

पुढे पाहुण्यांच्या सोफ्याजवळ बिल्लेवाल्या दोन पोरांनी त्यांना धरलं. कार्यक्रमाची व्यवस्था बघणारे ते. त्यांतल्या एकाने दंड धरला तो जोरात नाही धरला, हेही सांगते. वाईट नव्हता तो.

"काका, कोणाबरोबर आलात?"

"माझी पोर हाय इथं," बाबा म्हणाले.

"कुठे?"

बाबांनी बोट दाखवलं नाही. नुसतं आमच्या रांगेकडे बघितलं. तो पोरगा आमच्याकडे आला. राऊत बाई त्याला म्हणाल्या, "अहो, प्यायलेला असणार. न्या त्याला बाहेर, पोरं बघतायत."

तो म्हणाला, "वास तर येत नाहीये, मॅडम." मग माझ्याकडे वळला. माझा चेहरा, माझा रंग, माझं गोंदण बघून वळला असेल. "मावशी, तुम्ही ओळखता का ह्यांना?"

इथपर्यंत मी ही गोष्ट स्वतःला खूपदा सांगितली आहे. आणि इथे आले की पुढे असं सांगायचे — मी गप्प बसले. घाबरले, जीभ उचलली नाही, आणि त्या गप्प बसण्याने बाबांचा घात झाला. पहिल्या तीन पानांवर मी असंच लिहिलं होतं, तीच फाडली. गप्प बसणारी बाई आहे मी, सगळेच मानतील. तुम्हीही मानलं असतं. नाही का?

मी गप्प बसले नाही. मी बोलले.

मी म्हटलं, "नाही ओळखत. सकाळची ताडी असेल. तिचा वास राहत नाही. पाड्यावरची माणसं येतात अशी."

सगळं एका दमात. पदर तोंडाशी न नेता. राऊत बाईंनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. जन्मात कधी परक्यांसमोर इतकं स्पष्ट बोलले नव्हते मी. आणि तो पोरगा, ज्याला वास येत नव्हता, जो अजून विचार करत होता — त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? त्याला वाटलं, हिला माहीत असणार.

बाबांनी ऐकलं. चार पावलांवर तर होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं — किती वेळ, सांगता येत नाही. मग त्या पोराला म्हणाले, "हां भाऊ. ताडी घेतलीय. चल."

त्यांना बाहेर नेलं तेव्हा बॅगपाइप वाजतच होता. बाबा सरळ चालले नाहीत. तोंड वाजवणाऱ्यांकडे ठेवून, उलटे, मागे मागे पावलं टाकत दारापर्यंत गेले. दोनदा अडखळले. लोक म्हणाले, बघा, उभंही राहवत नाही. मला माहीत होतं ते उलटे का चालतायत. त्या सगळ्या मैदानात एकटीला मला माहीत होतं.

मी मुलांना चिवड्याच्या पुड्या वाटल्या.

एवढ्यावर थांबलं असतं तर? पण खोट्याला पुढचं खोटं लागतं. संध्याकाळी मोठ्या सरांनी विचारलं, "वडील आले होते का?" मी म्हटलं, नाही आले, बरं नाही त्यांना. सर स्टेजवर होते. तो म्हातारा त्यांनी पाहिला होता, सगळ्यांनीच पाहिला होता. सोमवारी बाबा शाळेत आले असते तर सरांनी ओळखलं असतं, राऊत बाईंनी ओळखलं असतं. म्हणून रविवारी मी पाड्यावर गेले. फाट्यावर एसटीतून उतरून चालत गेले, आणि चालताना वाक्य पाठ केलं.

बाबा ओट्यावर बसले होते. मी जवळ बसले नाही, उभ्यानेच म्हटलं, "बाबा, सर नको म्हणाले. तारपा नको शिकवायला."

ते म्हणाले, "बरोबर हाय त्यांचं. मी तिथं उठायला नको होतं."

मला त्यांनी काहीच विचारलं नाही. जेवून जा, म्हणाले.

आणि सोमवारी सरांना मी सांगितलं, वडिलांना जमणार नाही, वय झालं. सर म्हणाले, राहिलं मग. दोन बाजूंना दोन खोटी, आणि मधे मी. कोणाला शंका आली नाही. मी कधी खोटं बोलत नाही, असं सगळे म्हणतात.

तोवर व्हिडिओ फिरला होता. कोणीतरी काढलेला — टोपीवाला म्हातारा शिपायांच्या मागे नाचतोय, मग त्याला धरून नेतायत, मग तो उलटा चालतोय. अच्छाडच्या ढाब्यावर एका ड्रायव्हरने देवजीला दाखवला. म्हणाला, हा तुझा म्हातारा ना रे? बिनपगारी भरती झाला काय? देवजीने घरी येऊन बाबांना विचारलं, पोरांसमोर, "खरं सांगा. प्यायला होता?"

बाबा म्हणाले, "हां."

हे मला वहिनीने सांगितलं. त्या दिवसापासून देवजीने त्यांची पथारी घरातून पडवीत टाकली. थोरला नातू त्यांच्याकडे तारपा शिकत होता, फुंक धरायला लागला होता. त्याला देवजीने ओढून नेलं. "शपथ मोडणाऱ्याकडून काय शिकणार तू?" पाड्यावर त्या साली भात कापून झालं, नवं धान्य देवाला दाखवलं, तेव्हा तारप्याला दुसऱ्या पाड्याचा माणूस बोलावला. शपथ मोडलेल्याने देवापुढे वाजवायचं नाही, असं पाड्यातल्या मोठ्या माणसांनी ठरवलं. बाबा तेव्हा पडवीतच बसून होते. त्या माणसाने तारपा फुंकला तसे उठले, आणि वाजणं संपेपर्यंत तिकडे तोंड करून उभे राहिले.

मी तिथे होते. मी पापड तळत होते.

देवजीला मी एक वाक्य सांगितलं असतं तर? एकच — बाबा प्यायलेले नव्हते, मी खोटं बोलले. पाच मिनिटांचं काम. तीन वर्षांत मी त्या घरात किती वेळा जेवले, मोजलं नाही. एकदा देवजी मला म्हणाला, "ताई, तू तरी तिथं होतीस. तुला दिसले नाहीत?" मी म्हटलं, गर्दी होती. बाबा शेजारीच शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

ते माझ्यासाठी गप्प आहेत का? की त्यांना खरंच वाटतं, चूक त्यांची होती? मला कळत नाही. विचारायची माझी हिंमत नाही. विचारलं तर उत्तर येईल.

मी राऊत बाईंना दोष देत नाही. त्या बोलल्या ते बोलल्या; माझ्या तोंडातले शब्द माझे होते. ताडीचा वास राहत नाही — हे त्यांना सुचलंच नसतं. ते मलाच सुचलं.

वाटलं होतं, इथे संपेल. पण गेल्या आठवड्यात काय झालं ते लिहिलं नाही तर हे पानही फाडावं लागेल.

मोठे सर बदलून गेले. त्यांच्या जागी नव्या मॅडम आल्या आहेत, तरुण आहेत, सगळ्यांशी बोलतात. सकाळी त्या स्वयंपाकघरात आल्या. मी कणीक मळत होते. राऊत बाईही नव्हत्या, त्यांची बदली होऊन वर्ष झालं. तिथे आम्ही दोघीच होतो. मला ओळखणारं, तो दिवस आठवणारं कोणी नव्हतं.

"मावशी," त्या म्हणाल्या, "मला मुलांना तारपा शिकवायचा आहे. इथलाच बाजा, आणि एकालाही येत नाही! तुमच्याकडे कोणी चांगलं वाजवणारं आहे का हो? मी स्वतः जाईन बोलवायला. गाडी घेऊन जाईन."

मला वाटलं, आता. कोणी अडवत नव्हतं. भीती कशाची होती? कशाचीच नव्हती. मॅडम गाडी घेऊन पाड्यावर गेल्या असत्या, देवजीच्या दारात उभ्या राहिल्या असत्या, मोठ्याने म्हणाल्या असत्या की तुमच्या वडिलांना न्यायला आले. मग देवजीने विचारलं असतं, मग बोलणं निघालं असतं, मग बँड निघाला असता.

"एक जण होते," मी म्हटलं.

"होते?"

"आता नाहीत."

"अरेरे. कधी गेले?"

"तीन वर्षं झाली," मी म्हटलं.

मॅडम चुकचुकल्या. चांगले वाजवायचे का, विचारलं. मी म्हटलं, हो, फार चांगले. मग त्या गेल्या, आणि मी कणकेचा पुढचा गोळा घेतला.